वहिनी हसल्या नाहीत, तो शुक्रवार

"…उन्हाळ्याचे सिनेमे उतरले ना, की थिएटर पाडणार आहेत म्हणे," थोरली झाडू थांबवून म्हणाली. "आणि मालक ती वरची कोपऱ्यातली खुर्ची आहे ना, ती घरी…"

इतक्यात धाकटीच्या हातातली बादली निसटली आणि पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली. पाण्याचा लोट तिच्या मागोमाग.

"डोळे कुठे होते तुझे?"

"तुझ्या तोंडाकडे! हात थांबवल्याशिवाय एक वाक्य तरी येतं का तुला?"

दोघी जावा. भांडत भांडत फडकी आणायला गेल्या आणि ती अर्धी बातमी माझ्या अंगावर तशीच टाकून गेल्या. ती घरी… काय? घरी नेणार? की घरी ठेवायला जागा नाही म्हणून मोडीत घालणार? जिवाला नुसता घोर लावून ठेवला बायांनी.

कारण ती वरची कोपऱ्यातली खुर्ची म्हणजे मीच. बाल्कनी, शेवटची रांग, दाराला लागून पहिली. खुर्चीला जीभ कुठली, असं विचारू नका. इतकी वर्षं माणसांचं बोलणं ऐकत बसलेय, थोडंफार बोलता येणारच. शिवाय दुसऱ्यांच्या भानगडींत लक्ष घालायची मला पहिल्यापासूनची खोड. लोक पडदा बघायला यायचे, मी लोकांना बघायचे.

मोडीत जायचं मला फारसं भय नाही. जायचंच आहे कधीतरी. पण माझ्यावर बसून एका बाईने एक गोष्ट लपवली होती, आणि ती फक्त दोघांना ठाऊक आहे. एक मी, आणि दुसरे बाल्कनीचे डोअरकीपर मामा. मी गेले आणि मामाही गप्प राहिले, तर आमचे मालक शेवटपर्यंत एकच चुकीची समजूत उराशी धरून बसणार, की आपली बायको आपल्यावर रुसून गेली. भय आहे ते याचं.

म्हणून सगळं सांगते. जरा सरकून बसा.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पाय बिडाचे, ओतीव. पाठ लाकडी. अंगावर लाल रेक्झिन आणि आत काथ्या. बसलेला उठला की आपोआप मिटायचं, हा आमच्या घराण्याचा गुण. आणि थिएटरची खुर्ची कधी एकटी नसते बरं का. आम्ही सगळ्या एकमेकींना जखडलेल्या. दोघींच्या मध्ये हात एकच. माझा डावा हात माझ्या एकटीचा, उजवा मात्र शेजारणीशी सामाईक. त्या सामाईक हातावरून माणसांची काय भांडणं लागतात, ते आम्हाला विचारा! सख्खे भाऊ कोपराने ढकलाढकली करतात. नवीन लग्न झालेले असतील तर दोघांनाही तो हात नको असतो, मध्येच कशाला कडमडला म्हणून. लग्नाला बरीच वर्षं झाली की तो पुरुषाचा होतो आणि बाई आपले दोन्ही हात मांडीवर घेऊन बसते.

आमच्या हातावर कोपर असायचं मालकांचं.

उन्हाळा म्हणजे आमची सुगी. शाळांना सुट्ट्या, बाहेर रणरणतं ऊन आणि आत पंखे. निम्मे लोक सिनेमासाठी यायचे, निम्मे पंख्यासाठी. त्या दिवसांत सिनेमे दोनच तऱ्हेचे लागायचे, मारधाडीचे नाहीतर हसवणारे. रडके सिनेमे थंडीसाठी राखून ठेवलेले असायचे.

आमचा पडदा एक, आणि दाराशी सिनेमे रांग लावून उभे. शुक्रवारी नवा सिनेमा लागायचा. खाली ऑफिसात वितरकाचा माणूस चहा पीत बसलेला असायचा आणि पहिला खेळ सुटला की मालकांनी त्याला एका शब्दात सांगायचं, 'ठेवतो' किंवा 'उतरवतो'. उतरवलेला सिनेमा लगोलग पुलापलीकडच्या थिएटरला जायचा.

आता तो एक शब्द मालक कसा ठरवायचे? ऐकून हसाल. ते पहिल्या खेळाला वहिनींना माझ्यावर बसवायचे, स्वतः शेजारी बसायचे, आणि पडद्याकडे न बघता अख्खा वेळ वहिनींच्या तोंडाकडे बघत राहायचे.

वहिनी म्हणजे मालकांची बायको. सगळा स्टाफ त्यांना वहिनीच म्हणायचा. अंगाने ठेंगण्या, बोलायला मोकळ्या. स्वयंपाकघरातलं आवरून धावतपळत यायच्या. हाताला फोडणीचा वास, खांद्याला विणकामाची पिशवी.

"अहो, पडद्याकडे बघा की! माझ्या तोंडाला काय तिकीट लावलंय?"

"पडदा उद्याही दिसेल. तू बघ, मी तुला बघतो."

"लोक काय म्हणतील!"

"लोक पडद्याकडे बघतायत."

मारधाडीचा सिनेमा असला आणि वहिनींनी पाय वर घेऊन माझ्यावर मांडी ठोकली, बोटांच्या फटीतून बघायला लागल्या, की समजायचं, चालणार. पिशवीतून विणकाम बाहेर आलं, की पडला. एकदा एका सिनेमात नायक वाळवंटातून पळत होता. वरून विमान, समोर दरी. हॉल श्वास रोखून बसलेला. आणि वहिनी चांगल्या मोठ्याने म्हणाल्या, "सकाळपासून पळतोय मेला. काही खाल्लंय का त्याने?"

पुढच्या रांगा खो खो हसत सुटल्या. पुढे विमान कोसळलं, दरी ओलांडून झाली, खलनायक मेला, पण कुणाचं तिकडे लक्षच नाही. लोक नायकाच्या जेवणाची चौकशी करत बाहेर पडले. मालकांनी खाली जाऊन सांगितलं, "उतरवा." पुलापलीकडच्यांनी तो मोठ्या हौसेने लावला आणि तीनचार दिवसांत गुंडाळला.

विनोदी सिनेमाची परीक्षा त्याहून कठीण. त्यात माणसं धडाधड पडायला लागली की वहिनी हसायच्या सोडून हळहळायच्या. "लागलं असेल हो त्याला, कोपरावर पडला." ज्यात नुसती पडापड, तो सिनेमाही पडायचाच. पण कुणी एक खोटं बोलून फसला, ते लपवायला दुसरं बोलला, दुसऱ्यासाठी तिसरं, की वहिनींचं हसू सुरू व्हायचं. आधी खांदे हलायचे. मग माझी स्प्रिंग. मग सगळी रांग. आम्ही जोडलेल्या ना! पार पलीकडच्या टोकाला बसलेल्या अनोळखी माणसालाही बसल्या जागी हादरे बसायचे, तो आधी दचकायचा आणि मग कारण नसताना हसायला लागायचा. असा सिनेमा हमखास चालायचा.

वहिनी कधी चुकल्याच नाहीत, असं मात्र नाही. एका उन्हाळ्यात आगगाडीच्या टपावर मारामारी चाललेली, आणि वहिनी माझ्या पाठीला डोकं टेकून चक्क घोरत होत्या. वितरकाच्या माणसाला वाटलं, संपलं. पण मालक म्हणाले, "ठेवतो. ती सिनेमामुळे नाही झोपली. घरी पोराला ताप आहे, दोन दिवस डोळ्याला डोळा नाही तिच्या." तो सिनेमा उन्हाळाभर उतरला नाही.

मला त्या दिवशी मालकांचं फार कौतुक वाटलं होतं. चेहरा तर कुणीही वाचेल, हा माणूस चेहऱ्यामागचं घरही वाचत होता. पुढे ते वाचणं कधी सुटलं, कळलंच नाही. असल्या गोष्टी सुटताना आवाज होत नाही.

दिवस बदलले. पुलापलीकडच्यांनी गार हवेचं यंत्र बसवलं. लोक ऊन सोसून पूल ओलांडायला लागले. मालकांच्या कपाळावर कायमची आठी बसली. शेजारी बसायचे, पण पूर्वीसारखे वहिनींकडे बघत नसत. परीक्षेचा निकाल बघावा तसे बघायचे. वहिनीही तोंड पुसून, सावरून बसायच्या. हसताना सुद्धा आधी अंदाज घ्यायच्या. हे मला अजिबात आवडायचं नाही, पण मला कोण विचारतंय.

तर तो शुक्रवार.

सिनेमा हसवण्यातला होता. दोन नोकरांच्या हातून मालकाचा बोलका पोपट उडून जातो आणि ते कबुतराला हिरवा रंग देऊन पिंजऱ्यात ठेवतात, अशी गोष्ट. वहिनींनी हट्ट धरून तो लावायला लावला होता. मालकांना लावायचा होता मारधाडीचा, मोटरसायकलवाला, आगीतून उड्या मारणारा.

खेळ सुरू व्हायच्या आधी दोघं वर आले ते बोलत बोलतच. जावा-जावा झाडत होत्या, मामा दारात बॅटरीचे सेल बदलत होते.

"तुझ्या हट्टापायी लावलाय हा," मालक म्हणाले. "पडला तर दिवाळं वाजेल आपलं, पार पुलापलीकडे ऐकू जाईल."

"अहो, बाहेर ऊन एवढी आग ओकतंय. आत आणखी आगी कशाला दाखवायच्या लोकांना? हसू देत की जरा."

"हसू देत, हसू देत! तुझ्या हसण्यावर थिएटर चालत नाही!"

झाडू थांबले. मामांच्या हातातला सेल खाली पडला. बोलून गेल्यावर मालकांनाही लागलं असावं, पण चारचौघांत बोललेला शब्द मागे घ्यायला त्यांना कधी जमलंच नाही.

वहिनींनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. "बघू," एवढंच म्हणाल्या आणि माझ्यावर येऊन बसल्या.

बसल्या तशी मला शंका आली. माणूस कसं बसतं त्यावरून मला पुष्कळ कळतं. वहिनी एरवी धपकन बसायच्या. त्या दिवशी आधी हात टेकला, मग हळूच एका कुशीवर वजन टाकून बसल्या. मालक शेजारी बसले, पण रागाने हात छातीशी बांधून. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा आमचा सामाईक हात मोकळा राहिला.

अंधार झाला. सिनेमा सुरू झाला. पोपट उडाला. नोकरांनी कबूतर आणलं, एकाने धरलं, दुसऱ्याने रंगाचा डबा उघडला, आणि हॉल जो हसत सुटला! खाली शिट्ट्या, वर टाळ्या. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांचा चष्मा हसता हसता खाली पडला.

वहिनींचे खांदे मात्र हलले नाहीत.

हसू येत होतं हो त्यांना! माझ्याइतकं कुणाला कळणार? ते पोटातून उठायचं आणि अर्ध्या वाटेवर कळ त्याला गाठायची. श्वास तिथल्या तिथे अडायचा. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि तो मोकळा राहिलेला हात धरला. वरून अंगठा, खालून चार बोटं. हॉल हसला की कळ यायची, कळ आली की नखं रेक्झिनमध्ये रुतायची. लोक जितके जास्त हसत होते, तितकी ती बाई जास्त सोसत होती.

मालकांनी मान वळवून बघितलं. पडद्याच्या उजेडात त्यांना काय दिसलं, तर मिटलेले ओठ आणि समोर खिळलेली नजर. त्यांनी अर्थ लावून टाकला.

"नाही हसायचं ना? नको हसूस," ते दबक्या आवाजात म्हणाले. "सूड उगवतेयस. कळतं मला."

वहिनींनी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर कण्हणंच बाहेर आलं असतं. मालक ताडकन उठले आणि मध्यंतराची वाटही न बघता जिना उतरून गेले. त्यांची खुर्ची खटकन मिटली.

मामा बॅटरी घेऊन धावत आले. उजेड वहिनींच्या तोंडावर पडला. घामाने निथळत होत्या.

"वहिनी, काय होतंय? बोलावतो मालकांना."

"नको मामा. आज पहिला खेळ आहे, त्यांच्या जिवाला थारा नाही. येतं असं मधूनमधून, जातं आपोआप. तुम्ही सांगू नका त्यांना."

"अहो पण…"

"माझी शपथ आहे तुम्हाला."

मामा शब्दाचा पक्का माणूस. पाणी आणून दिलं आणि दारात उभे राहिले. पडद्याकडे पाठ करून, वहिनींकडे बघत.

मध्यंतरानंतर कळ ओसरली. आणि शेवटी तो पोपट आपणहून घरी आला. भरल्या बैठकीत मधोमध बसला आणि त्या दोघा नोकरांनी इतके दिवस केलेली सगळी खलबतं, त्यांच्याच आवाजात, एकामागून एक बोलून दाखवायला लागला. मग मात्र वहिनींना आवरेना. खांदे हलले, स्प्रिंग हलली, रांग हलली. डोळ्यांतून पाणी, एक हात पोटावर, तरी हसतायत! आणि हसता हसता, सवयीने, त्या उजवीकडे वळल्या.

शेजारची खुर्ची मिटलेली होती.

खाली ऑफिसात तोपर्यंत रागाच्या भरात शब्द देऊन झाला होता. उतरवा.

पुढचं काय सांगायचं. कबुतराचा सिनेमा पुलापलीकडे गेला आणि उन्हाळाभर तिथे मुंगी शिरायला जागा नव्हती. आमच्याकडचा मोटरसायकलवाला पहिल्या सोमवारीच आपटला. मामा रिकाम्या रांगांवर बॅटरी फिरवून बघायचे, चुकून तरी कुणी बसलंय का.

वहिनी पुन्हा कधी बाल्कनीत आल्या नाहीत. मालक स्टाफला म्हणायचे, "रुसलीय. माझा एक शब्द जिव्हारी धरून बसलीय." आणि तेही मानी, समजूत घालायला गेले नाहीत. आजार कळला तेव्हा वहिनींना दवाखान्यात नेलेलं होतं. पुढचा उन्हाळा त्यांनी बघितला नाही.

दवाखान्यातलं मला कसं ठाऊक, म्हणाल. मामा सांगत होते. मला नव्हे हो, माझी धूळ पुसता पुसता स्वतःशीच. भेटायला गेले तेव्हा मालक कॉटजवळ बसले होते. बायकोला विचारत होते, "खरं सांग, त्या दिवशी का हसली नाहीस? माझ्यावर एवढी रागावलीस?" तर वहिनी म्हणाल्या, "अहो, तो पोपट सापडला का शेवटी?" मालक म्हणाले, "मला काय माहीत? मी कुठे शेवट बघितला!" त्यावर वहिनी नुसत्या गालात हसल्या.

मालक औषधं आणायला खाली गेल्यावर मामांना म्हणाल्या, "मामा, ती शपथ अजून आहे बरं का. राग होता असं वाटू दे त्यांना. रागाचं काय, माणूस विसरतं. पण शेजारी बसून मला कळलं नाही, हे डोक्यात बसलं तर हे वाळून जातील."

वहिनींचं सगळं बरोबर यायचं. हे एक चुकलं. रागही माणूस विसरत नाही.

मालकांनी सांगून ठेवलं, ती कोपऱ्यातली जागा विकायची नाही. मी रिकामी राहू लागले. सिनेमे मालक आता वर्तमानपत्रं वाचून निवडायचे. मारधाडीचा ठेवला की पडायचा, विनोदी उतरवला की पुलापलीकडे गाजायचा. बुकिंगवर बसणारी मावशी म्हणायची, "वहिनी गेल्या आणि आपला थर्मामीटर फुटला." लोक हसायचे, मग लगेच गप्प व्हायचे.

मग माणसंच कमी झाली. बाल्कनीला कुलूप लागलं. अंधारात मी खालचा कानोसा घेत बसायचे. सिनेमा चालला की पडला, ते मला जमिनीतून कळायचं. चांगला विनोद असला की पायांत बारीक थरथर यायची. अलीकडे तीही येईना. गेल्या उन्हाळ्यात एक मारधाडीचा लागला होता. पडद्यावर अख्खं शहर कोसळत होतं म्हणे, आणि खाली कुणाचं तरी घोरणं ऐकू येत होतं. या उन्हाळ्यात विनोदी लागला. विनोद झाला की पडद्यातूनच हसण्याचा आवाज यायचा, खुर्च्यांमधून नाही. जे थोडे यायचे त्यांच्या हातात मोबाईल. एकाच सिनेमाला बसलेले, आणि जो तो वेगळ्याच गोष्टीला हसणारा.

आणि मग कुलूप उघडलं, जावा-जावा झाडायला आल्या, आणि बादली गडगडली.

इथवर सांगून झालं होतं, आणि काल मालक वर आले.

काठी टेकत, एकेक पायरी चढत. मागे मामा. तेही आता वाकलेत, पण बॅटरी हातात. त्यांच्या मागे पाना आणि हातोडी घेतलेला फिटर. मालक थेट माझ्याकडे आले, पण माझ्यावर बसले नाहीत. शेजारची खुर्ची उघडली आणि तिच्यावर बसले. कोपर सवयीने आमच्या सामाईक हातावर आलं.

"मामा, बसा," ते म्हणाले.

"उभा बरा आहे मालक."

"जन्मभर उभेच आहात. बसा हो."

मामा माझ्यावर बसले नाहीत. पायरीवर टेकले. मालक रिकाम्या पडद्याकडे बघत होते. तसेच बघत म्हणाले, "मामा, तो पोपट सापडला का हो शेवटी?"

मामा चपापले. "कुठला?"

"त्या सिनेमातला. मी परत कधी बघितला नाही तो. टीव्हीवर लागला तरी उठून जातो."

"सापडला की," मामा म्हणाले. "म्हणजे, आपणहून आला. भर बैठकीत बसला आणि नोकरांची सगळी लबाडी बोलून दाखवली."

"लोक हसले?"

"लोक?" मामांनी बॅटरी या हातातून त्या हातात घेतली. मी जीव मुठीत धरून ऐकत होते. "मालक, वहिनी हसल्या."

मालकांची मान वळली.

"तुम्ही खाली गेला होतात. डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसल्या. सगळी रांग हलत होती. आणि हसता हसता तुमच्या खुर्चीकडे वळल्या, तुम्हाला दाखवायला. रागबिग काही नव्हता हो त्यांच्या मनात. मी इथेच होतो, दारात. माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

मालक पायरीकडे वाकले. "मग मी शेजारी होतो तेव्हा का नाही हसली?"

शपथ होती ना. मामा बॅटरीचं बटण नुसतं चालू-बंद, चालू-बंद करत राहिले.

"काढू का?" फिटरने विचारलं. त्याला दुसरीकडे जायची घाई.

"काढ. जपून काढ," मालक उठले. "घरी न्यायचीय. खिडकीपाशी ठेवणार आहे."

तेव्हा कुठे मला थोरलीचं वाक्य पुरं झाल्यासारखं वाटलं. घरी नेणार! या वयात मला खिडकी मिळणार! बाहेरचा रस्ता, येणारी-जाणारी माणसं, कुणाच्या घरी कोण आलं, कोण गेलं. मी मनातल्या मनात चक्क पडदेसुद्धा निवडले.

फिटरने बोल्ट फिरवला. गंजलेला, हलेना. तेल घातलं, तरी नाही. मग त्याने खाली हातोडीचा एक घाव घातला आणि माझा बिडाचा पाय कडकन दुभंगला. बीड ते, वाकत नाही, तुटतंच. मी मालकांच्या समोर एका अंगावर कलंडले.

"साहेब, ही नाही उभी राहायची आता," फिटर डोकं खाजवत म्हणाला. "हा मधला हात तेवढा अख्खा निघेल. तो चालेल का?"

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दे."

दोन स्क्रू फिरले आणि हात सुटला. फिटरने तो उलटा करून झटकला. खालच्या बाजूला रेक्झिन फाटलेलं होतं. ओळीने चार ठिकाणी, चंद्रकोरीसारखं, आतला काथ्या दिसेपर्यंत.

"हे काय झालंय?" मालकांनी विचारलं.

"उंदीर, दुसरं काय," फिटर म्हणाला.

मालकांनी हात आपल्याकडे घेतला. मामांनी बॅटरी विझवली. उघड्या दारातून उजेड येत होता, तेवढ्या उजेडात मालकांनी आपली चार बोटं त्या चार खुणांवर ठेवली. बसली नाहीत. त्यांची बोटं जाड, खुणा बारीक आणि जवळजवळ. बोटं तिथेच राहिली. मी त्यांचा श्वास ऐकत होते. तो अर्ध्या वाटेवर अडला, अगदी वहिनींचा अडायचा तसाच.

त्यांनी मामांकडे बघितलं. मामा जमिनीकडे बघत होते.

"हो ना मामा?" मालक खूप हळू म्हणाले. "उंदीरच असतील."

"हो मालक," मामा म्हणाले. "उंदीरच."

जन्मभर पाळलेली शपथ मालकांनी मामांना मोडू दिली नाही. हात काखेत धरला, काठी घेतली आणि जिना उतरायला लागले. एका पायरीवर मामांनी त्यांचं कोपर धरलं, त्यांनी धरू दिलं.

थिएटर काही पाडत नाहीत. मालकांचा मुलगा आत भिंत घालून दोन छोटे हॉल करणार आहे, आणि सोफ्यासारख्या ऐसपैस नव्या खुर्च्या येणार आहेत. त्यांना म्हणे प्रत्येकीला आपले स्वतंत्र दोन हात असतात, कुणाचं कोपर कुणाला लागत नाही. बरं आहे. भांडणं तरी मिटतील.

आम्हाला न्यायला ट्रक येणार आहे. मी भिंतीला टेकून पडलेय. पाय मोडलेला, उजवीकडे नुसती दोन भोकं. मारधाडीचा असो नाहीतर हसवणारा असो, सिनेमा चालला काय आणि पडला काय, आता मला त्याचं काही नाही. पण तुम्ही अजून जाणार, बसणार. एवढं ऐका माझं. सगळा हॉल हसत असताना तुमच्या शेजारचं माणूस हसत नसेल, तर त्याच्या मनातलं आपल्या मनाने ठरवून उठून जाऊ नका. वाका आणि विचारा, "काय होतंय?" सिनेमा चुकला तर चुकू दे, पोपट काय, आपला आपण सापडतो.

थोरली आत्ताच फडकं मारून गेली. धाकटीला फणकाऱ्याने म्हणत होती, "बघ, मी सांगितलं होतं ना, मालक ती खुर्ची घरी नेणार म्हणून!"

खुर्ची नाही गं बाई. हात गेला फक्त.